समोरासमोरची दारं

किल्लीवालीला त्या इमारतीचं काम मिळालं ते एका चोरामुळे, आणि तो चोरही धड नव्हता. तळमजल्यावरच्या घराचं दार त्यानं खांद्याच्या एका धक्क्यानं उघडलं, आत शिरला, आणि घरातलं कुत्रं अंगावर येताच आल्या पावली पळाला. जाताना एक बूट मागे राहिला. नेलं काहीच नाही. पण एका धक्क्यात दार उघडतं, ही बातमी जिन्यानं चढत थेट वरच्या मजल्यापर्यंत गेली, आणि त्या दिवसापासून लोक झोपताना दाराला खुर्च्या लावू लागले. कमिटीची बैठक बसली. सगळ्या घरांची कुलपं बदलायची आणि प्रत्येक दाराला वरच्या बाजूला एक डेडबोल्ट बसवायचा, असं एकमतानं ठरलं. त्या कमिटीत एकमतानं ठरलेली ती पहिलीच गोष्ट, असं लोक म्हणत.

इमारत जुनी होती. दारं जाडजूड, जुन्या चांगल्या लाकडाची, पण कुलपंही दारांइतकीच जुनी. वीतभर लांबीच्या किल्ल्या. रंगावर रंग चढून किल्लीची भोकं बुजत आलेली. कुणाचं दार वर उचलून धरल्याशिवाय कुलूप लागत नसे, कुणाचं गुडघ्याचा रेटा दिल्याशिवाय. पहिल्या मजल्यावरच्या एका घराला कुलूप लावायला दोन माणसं लागत, त्यामुळे तिथले नवरा-बायको कितीही भांडले तरी बाहेर जाताना एकत्रच जात.

किल्लीवाली चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, दंडानं मजबूत. दुकान तिच्या मामाचं. मामाला मूलबाळ नव्हतं आणि भाचीला शाळेपेक्षा दुकानात गोडी, तेव्हा हा धंदा मामाकडून भाचीकडे आला. मामानं तिला कानस धरायला शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवली होती. ज्याचं दार त्यानं स्वतःच्या तोंडानं मागितल्याशिवाय त्या दाराची किल्ली बनवायची नाही, मग मागणारा त्याचा सख्खा भाऊ का असेना. ती हे तंतोतंत पाळायची. घरी मात्र तिची किंमत वेगळी. "आमची सून सगळ्या शहराची दारं उघडते," सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आणि स्वतःच्या घरी आली की बेल वाजवते. किल्ली दुकानात विसरलेली असते."

इमारतीत तिची पहिली गाठ पडली सेक्रेटरीशी. हा उंच, किडकिडीत माणूस आयुष्यभर वजनं-मापं तपासण्याच्या खात्यात होता, आणि निवृत्त झाल्यावरही ताकसुद्धा फुंकून प्यायचा. "बाई, काम तुमचं," त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "पण शेवटी प्रत्येक किल्ली मी स्वतः फिरवून बघणार."

"बघा की," ती म्हणाली. "कुलपाला काय, कुणीही फिरवलं तरी चालतं."

ती खालून वर काम करत निघाली. जुनं कुलूप दाराच्या कडेतून उपसून काढायचं, उरलेला खड्डा लाकडाच्या तुकड्यानं बुजवायचा, नवं बसवायचं. मग वर डेडबोल्टसाठी दाराला आरपार गोल भोक, आणि चौकटीत पटाशीनं अडसराला जागा. चौकटी इतक्या जुन्या की एकही सरळ रेषेत नव्हती. "हा तुमचा पूर्वीचा अडसरच," डेडबोल्ट म्हणजे काय असं कुणी विचारलं की ती सांगे, "फक्त याला किल्ली असते. आणि हा खांद्याच्या धक्क्याला भीक घालत नाही."

अशी ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. तिथे दोनच घरं होती, अगदी समोरासमोर. दोन्ही दारं उघडी असली तर एका घराच्या ओट्यापाशी उभं राहून दुसऱ्या घराच्या गॅलरीतल्या कुंड्या दिसत.

डावीकडे टेलरबाई राहत. साठीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकान बंद केलं होतं, पण गळ्यातली टेप काही उतरली नव्हती, आणि शेजारपाजारचं किरकोळ शिवण त्या करतच. किल्लीवालीनं त्यांच्या दारात बैठक मारली तेव्हा त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, तिच्या सुटलेल्या खिशाला उभ्याउभ्या टाके घालून दिले. मग शिलाई मशीनपाशी बसून बराच वेळ काहीच न शिवता पाय हलवत राहिल्या.

"अगं, एक विचारू?" शेवटी त्या म्हणाल्या. "दोन दारांना एकच किल्ली चालते का?"

"चालते ना. दुकान आणि गोदाम असलं की लोक तसंच करून घेतात. एक किल्ली खिशात, दोन्ही दारं ताब्यात."

"मग माझ्या दाराला समोरच्यांची किल्ली चालेल असं कर."

समोर म्हणजे उजवीकडच्या घरात पायलटकाका राहत. विमानाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी जन्मभर शहरात बस चालवली होती, आणि ती इतकी रुबाबात चालवली की लोकांनीच त्यांना पायलट करून टाकलं.

किल्लीवालीनं हातातला पेचकस खाली ठेवला. टेलरबाईंनी तिच्याकडे न बघता सांगितलं ते असं. गेल्या थंडीत त्या न्हाणीघरात घसरल्या. पाय मुरगळला, उठता येईना. कशाबशा सरपटत दारापर्यंत आल्या आणि हाका मारल्या. पायलटकाका धावत आले, पण कुलूप आतून अडकलेलं, ते काही केल्या हलेना. सुताराला बोलावलं, तोही लवकर येईना. तेवढा सगळा वेळ पायलटकाका बाहेर फरशीवर दाराला टेकून बसले आणि त्यांच्याशी बोलत राहिले.

"आता असं बोलायला आमच्याकडे काय होतं?" टेलरबाई म्हणाल्या. "दूध आलं का, पाणी आलं का, एवढीच आमची ओळख. मग त्यांनी मला त्यांच्या बसचे थांबे सांगायला सुरुवात केली. एकेक थांबा. तिथे कोण चढायचं, कोण सुट्टे नाहीत म्हणायचं, कुठल्या वळणावर एक बाई कोंबडी घेऊन चढायची. मी रडत होते ना, ती हसायला लागले. शेवटच्या थांब्याला पोचलो तेव्हा सुतारानं दार उघडलं."

"मग त्यांना सरळ एक किल्ली देऊन टाका ना."

"घ्यायचे नाहीत ते. फार संकोची. म्हणून म्हणते, त्यांच्याच किल्लीनं उघडलं तर देण्याघेण्याचा प्रश्नच नाही. योग्य वेळ आली की सांगेन मी त्यांना. तू बोलू नकोस."

किल्लीवालीला वाईट वाटलं, पण मामा आठवला. "टेलरबाई, त्यात एक अडचण आहे. तुमच्या दाराला त्यांची किल्ली लागली, की त्यांच्या दाराला तुमची लागते. त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय मला तसं करता येणार नाही."

"अगोबाई, हे माझ्या डोक्यातच नाही आलं." टेलरबाईंचे कान लाल झाले. "मग राहू दे हो. काही बोललेच नाही समज."

दुसऱ्या दिवशी किल्लीवाली उजवीकडच्या दारात बसली. पायलटकाका तिच्यामागे उभे राहून प्रत्येक स्क्रूचं कौतुक करत होते. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, जणू पहिली फेरी घेऊन निघायचंय. भोक पाडून झालं, भुसा झाडून झाला, तेव्हा त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुमच्या धंद्यात गुपित राहतं का?"

"डॉक्टरपेक्षा जास्त."

"मग एक करा. समोर टेलरबाईंची जी किल्ली असेल ना, ती माझ्या दाराला चालू दे."

किल्लीवालीच्या हातातला स्क्रू निसटून जिन्यात गडगडत गेला. तो आणायला ती खाली गेली आणि मधल्या वळणावर तोंडावर हात धरून पोटभर हसून घेतलं. वर आली तेव्हा चेहरा असा गंभीर, की कुणाला वाटावं खाली काहीतरी वाईट बातमी मिळाली.

"का बरं, काका?"

"मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. उद्या मला काही झालं तर तिला यायला वेळ लागणार. समोर या आहेत. त्या दिवशी त्यांच्या दाराबाहेर बसलो होतो ना, तेव्हा डोक्यात आलं. एवढी वर्षं आपण समोरासमोर आणि मधे दोन कुलपं." त्यांनी कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "आणि काही झालं नाही तरी, आल्या कधी चहाला तर बेल वाजवायला नको. पण त्यांना सांगू नका हं. काय म्हणतील, म्हातारा चळला."

"त्यांची परवानगी लागेल, काका."

"ते आलंच," पायलटकाका म्हणाले, आणि बस निघून गेलेल्या माणसासारखे उभे राहिले.

किल्लीवालीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. ज्याचं दार त्यानं स्वतःच्या तोंडानं मागितलं पाहिजे. इथे डावीकडच्या दारानं मागितलं होतं आणि उजवीकडच्या दारानंही. आणखी काय परवानगी हवी? उलट दोघांकडे दोन वेगळे कारागीर आले असते तर कठीण होतं. टेलरबाईंच्या दाराला काकांची किल्ली बसली असती, काकांच्या दाराला टेलरबाईंची, आणि दोघंही भाजीच्या पिशव्या घेऊन आपापल्या दाराबाहेर अडकले असते.

"तुमचं काम माझ्यावर सोडा," तिनं पायलटकाकांना सांगितलं. "कसं होणार ते विचारू नका." मग समोर जाऊन टेलरबाईंनाही शब्दाला शब्द तेच सांगितलं. दोघांनीही विचारलं नाही. माणसाला हवं ते मिळत असलं की तो फार प्रश्न विचारत नाही.

त्या दुपारी जिन्याच्या खिडकीपाशी उजेडात बसून तिनं पायलटकाकांच्या कुलपांच्या नळ्या उघडल्या. आतल्या बारीक पिना चिमट्यानं काढल्या, टेलरबाईंच्या किल्लीच्या चढउतारांप्रमाणे एकेक पुन्हा भरली, वर इवल्या स्प्रिंगा ठेवल्या. किल्ली फिरली. लोण्यातून सुरी फिरावी तशी. एवढ्या वर्षांत तिनं कित्येक किल्ल्या फिरवल्या असतील, पण ही फिरली तेव्हा तिला शीळ घालावीशी वाटली, आणि जिन्यात कुणी नाही बघून तिनं ती घातलीही.

घरी गेल्यावर सासूबाईंनी तिला ताटावर बसल्या बसल्या हटकलं. "काय गं, एकटीच का हसतेस?"

"तोंडाला कुलूप लावलंय, आई. विचारू नका."

"किल्ली दुकानात राहिली असेल," सासूबाई म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सेक्रेटरीची तपासणी निघाली. तो पुढे, त्याच्यामागे किल्लीवाली, आणि त्यांच्यामागे ज्यांचं दार तपासून झालं ते लोक, कारण घरी बसून करायचं काय. कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या कडेवर मूल. ते कुत्रंही आलं. प्रत्येक दारापाशी सेक्रेटरी किल्ली लावी, फिरवी, कान लावून ऐके आणि "हं" म्हणे. पहिल्या मजल्यावरच्या नवरा-बायकोंनी आपलं दार आता एका हातानं लागतं हे सगळ्यांना आळीपाळीनं करून दाखवलं.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वरात झाली होती. पायलटकाकांची मुलगी वडिलांचं नवं कुलूप बघायला मुद्दाम आली होती, तीही दारात उभी होती. सेक्रेटरीनं दोन्ही घरांच्या किल्ल्या मागून घेतल्या. टेलरबाईंनी आपल्या किल्लीला लाल दोरा बांधला होता, पायलटकाकांच्या किल्लीला जुन्या बसचा बिल्ला होता. तेवढ्यात कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. सेक्रेटरी टाकीवर बोलता बोलता उजवीकडच्या दाराकडे वळला, किल्ली लावली, फिरवली, दार उघडलं.

"हं," तो म्हणाला. आणि मग हाताकडे बघून थबकला. किल्लीला लाल दोरा होता.

सेक्रेटरीनं चष्मा पुसला, डावीकडच्या दाराशी गेला, बसच्या बिल्ल्याची किल्ली लावली. तेही दार उघडलं.

"बाई," तो वळून म्हणाला, "चोरापासून वाचायला आम्ही कुलपं बसवून घेतली. आणि इथे एकाच्या किल्लीनं दुसऱ्याचं घर उघडतंय. हे काय आहे?"

"मग आमच्या किल्लीनं कुणाचं उघडतं ते बघायला हवं," मागून कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी आपापल्या किल्ल्या खिशातून बाहेरही काढल्या.

किल्लीवालीनं दोघांकडे पाहिलं. टेलरबाई गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरून फरशीकडे बघत होत्या. पायलटकाका छताकडे. समोरच्याला राग आला असणार, अशी दोघांचीही खात्री, आणि त्या रागाचं कारण आपण, अशीही. तिला दोन शब्दांत सुटता आलं असतं. पण ते शब्द तिचे नव्हते. इतक्या लोकांसमोर चूक कबूल करायची म्हणजे अख्ख्या इमारतीतलं काम मातीमोल, हे तिला कळत होतं.

"चूक झाली," ती म्हणाली. "आत्ता बदलून देते." आणि खाली बसून तिनं पेटीतला पेचकस काढला.

"राहू दे," टेलरबाई म्हणाल्या.

"राहू दे," पायलटकाका म्हणाले.

दोघंही एकाच क्षणी बोलले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चूक त्यांची नाही," पायलटकाका घाईनं म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्यांना. तुमची किल्ली माझ्या दाराला चालू दे म्हणून. रागावू नका."

"तुम्ही कशाला सांगाल? मी सांगितलं होतं. तुमची किल्ली माझ्या दाराला."

"तुम्ही?"

"मग काय खोटं बोलते?"

"थांबा," सेक्रेटरी म्हणाला. "कुणी कुणाला काय सांगितलं?"

"तुम्ही जरा गप्प बसा हो," त्याची बायको मागून म्हणाली. एवढ्या वर्षांत ते तिनं चारचौघांत पहिल्यांदाच म्हटलं असावं, कारण तो खरंच गप्प बसला, आणि बसला तो जिन्याच्या पायरीवरच.

पायलटकाकांची मुलगी इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "बाबा," ती म्हणाली, "तरीच. गेल्या थंडीपासून तुमच्या एकाही शर्टाचं बटण तुटलेलं नाही."

आधी कोण हसलं ते कुणालाच नीट आठवत नाही. पण हसू जिन्यात असं पसरलं की तळमजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून ओरडून विचारलं, आणि कुत्रं भुंकायला लागलं. टेलरबाईंनी टेपमध्ये तोंड लपवलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे दोन मांजरं एकाच वाटीतून पीत होती, आणि दोघांचेही डोळे मिटलेले.

हसू ओसरल्यावर पायलटकाकांनी शर्ट खाली ओढून सारखा केला. "आता एवढे लोक जमलेच आहेत," ते म्हणाले, "तर विचारून टाकतो. टेलरबाई, तुमची हरकत नसेल तर..." शहरातल्या सगळ्या वळणांवर कधी न अडलेला माणूस तिथे अडला.

"हरकत असती तर किल्ली मागितली असती का?" टेलरबाई म्हणाल्या.

मुलीनं दोघांनाही एकदमच मिठी मारली. आपापल्या किल्ल्या बाहेर काढलेल्या लोकांनी त्या गुपचूप खिशात घातल्या. आणि सेक्रेटरी पायरीवरून उठून किल्लीवालीसमोर येऊन उभा राहिला. "म्हणजे चूक नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मग चूक झाली असं का म्हणालात?"

"त्यांचं त्यांनी सांगायचं होतं. मी कसं सांगणार?"

सेक्रेटरीनं थोडा विचार केला. मग त्यानं मान डोलावली, आणि वरच्या मजल्यावरची उरलेली दारं न तपासताच सगळं काम ठीक असल्याचं जाहीर करून टाकलं. वजनं-मापं खात्यात त्यानं असं कधी केलं नव्हतं.

नोंदणी कचेरीत लग्न लागलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांत. टेलरबाईंनी नवरदेवाचा कोट स्वतः शिवला, आणि मापं घेताना दोघंही इतके लाजले की एक बाही आखूड झाली, ती पुन्हा उसवावी लागली. साक्षीदार म्हणून सह्या करायला मुलगी, सेक्रेटरी आणि किल्लीवाली. सासूबाई बोलावणं नसताना आल्या होत्या. हा सगळा प्रकार सुनेनं आपल्याला आधी सांगितला नाही, याचा राग त्यांनी पहिल्याच रांगेत बसून काढला.

कारकुनानं राहण्याचा पत्ता विचारला. दोघांनी आपापला सांगितला.

"लग्नानंतरचा," कारकून म्हणाला.

"तोच," पायलटकाका म्हणाले. "घर कुणीच सोडणार नाही. तिचं मशीन माझ्याकडे मावत नाही, आणि माझ्या कुंड्यांना तिच्याकडे ऊन नाही. दार उघडलं की झालं."

"बाबा, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो हं," मुलगी म्हणाली.

"हा नाही राहायचा," टेलरबाई म्हणाल्या. "आत्ताच कोटाची शिवण ढिली ठेवलीय मी."

परत येताना गाडी करू म्हटलं, तर पायलटकाका ऐकेनात. बसनंच जायचं. बस आली, दार उघडलं, आणि गाडी चालवणाऱ्यानं आधी कोटाकडे, मग टेलरबाईंच्या हातातल्या फुलांकडे, मग पुन्हा पायलटकाकांकडे पाहिलं. गाडी वळवायला तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. तो जागेवरून उठला आणि भर रस्त्यात वाकून त्यांच्या पाया पडला. मग त्यानं गाडीभर सांगून टाकलं, आज कुणाचं काय आहे ते. अनोळखी माणसं उठून जागा देऊ लागली. कुणीतरी पिशवीतली संत्री काढून वाटली. सासूबाईंनी शेजारच्या बाईला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, आणि सांगताना अर्ध्या युक्त्या स्वतःच्या नावावर घेतल्या. किल्लीवाली खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. तिनं एक शब्दही दुरुस्त केला नाही.

इमारतीसमोर थांबा नव्हता, तो पुढच्या चौकात होता. पण बस फाटकाशीच थांबली.

"इथे कधीपासून थांबायला लागली?" मागच्या सीटवरच्या एका आजोबांनी विचारलं.

"आजपुरती," गाडी चालवणारा म्हणाला, आणि त्यानं दार उघडलं.